क्लच बदलूनही गाडी थरथरते आणि गॅरेजचा संशय येतो, तेव्हा काय तपासावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुळे सोलापूर येथे राहणारे आणि नोकरीसाठी रोज मोहोळला ये-जा करणारे एक शिक्षक आपली सात वर्षांची, ७८,००० किलोमीटर चाललेली डिझेल गाडी पहिल्या गिअरमध्ये निघताना थरथरते म्हणून गॅरेजमध्ये घेऊन गेले. क्लच सेट बदलावा लागेल आणि पंधरा हजारांच्या आत काम होईल, असे त्यांना तोंडी सांगण्यात आले. गाडी परत घेताना मात्र ३७,७६० रुपयांचे बिल हाती पडले. त्यात क्लच सेट ९,५००, फ्लायव्हील (इंजिनाला जोडलेले जड चक्र, ज्यावर क्लच पकड घेतो) ८,२००, इंजेक्टर क्लीनिंग ३,०००, ऑइल व कूलंट ३,८००, एसी गॅस १,९०० आणि मजुरी ५,६०० असे ३२,००० रुपये असून त्यावर १८ टक्क्यांप्रमाणे ५,७६० रुपये ‘जीएसटी’ म्हणून लावले आहेत. बिल साध्या लेटरहेडवर आहे आणि त्यावर जीएसटी क्रमांक कोठेही नाही. जुने भाग मागितले तेव्हा ते भंगारात गेल्याचे सांगण्यात आले. वीस हजार रुपये फोनवरून आणि बाकीचे रोख दिले गेले. गाडी साधारण दोन आठवडे सुरळीत चालली आणि नंतर पुन्हा तशीच थरथरू लागली. आता गॅरेजवाले म्हणतात की मूळ दोष इंजिन माउंटिंगचाच (इंजिनाला आधार देणाऱ्या रबरी जोडाचाच) होता आणि त्यासाठी आणखी चौदा हजार रुपये लागतील. मुळात काहीच बदलले नसावे, असा त्यांना संशय आहे. ही फसवणूक आहे का आणि पुढे काय करावे, असे त्यांनी विचारले आहे.

मी आधी वर्कशॉपमध्ये सुपरवायझर म्हणून काम केले आणि नंतर विमा कंपन्यांसाठी अपघातग्रस्त गाड्यांचे सर्वेक्षण करत आलो, त्यामुळे बिलात लिहिलेले आणि गाडीत बसवलेले यांचा मेळ घालणे हेच माझे रोजचे काम राहिले आहे. त्या अनुभवावरून एक गोष्ट आधीच सांगतो. गॅरेजवाला लबाड आहे हे सिद्ध करण्याच्या मागे आपण लागू नये. माणसाचा हेतू सिद्ध करणे अवघड असते आणि आपल्याला त्याची गरजही नाही. ग्राहक कायद्याला ‘सेवेतील त्रुटी’ पुरेशी आहे, मग ती लबाडीने झालेली असो, निष्काळजीपणाने असो वा अंदाजपंचे काम केल्याने असो. म्हणून ‘यांनी मला फसवले का’ हा प्रश्न बाजूला ठेवून बिलातील प्रत्येक ओळीसाठी तीन साधे प्रश्न विचारावेत: हे काम खरोखर झाले का, त्याची गरज होती का, आणि ते नीट झाले का. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे गाडीच देऊ शकते, मात्र ती पुन्हा खोलली जाण्यापूर्वी विचारली पाहिजेत.

आता आपल्या बिलाकडे वळू. आपण लिहिलेल्या हकिकतीत मला सर्वांत बोलका वाटला तो तपशील म्हणजे गाडी दोन आठवडे व्यवस्थित चालली हा. मूळ दोष खरोखर इंजिन माउंटिंगचाच असता, तर ते न बदलता गाडी पहिल्या दिवसापासून तशीच थरथरली असती. ती काही काळ तरी सुधारली, याचा अर्थ क्लचमध्ये काहीतरी काम झाले आहे आणि त्या कामाने तात्पुरता का होईना फरक पडला आहे. त्यामुळे ‘काहीच बदलले नाही’ हा आपला संशय, निदान क्लच प्लेटपुरता, मला फारसा संभवनीय वाटत नाही. पण त्याच न्यायाने ‘मूळ दोष माउंटिंगचा होता’ हे गॅरेजचे म्हणणेही टिकत नाही.

मग दोन आठवड्यांनी थरथर परत का यावी? माझ्या मते पहिली शंका तेलाची घ्यावी. क्लच प्लेट ज्या बेल हाउसिंगमध्ये (इंजिन आणि गिअरबॉक्स यांमधील कवचात) बसते, त्याच्या एका बाजूला इंजिनाच्या क्रँकचे मागचे, तेल अडवणारे ऑइल सील आणि दुसऱ्या बाजूला गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे (इंजिनाची ताकद आत घेणाऱ्या दांड्याचे) सील असते. यांपैकी एखादे सील गळत असेल आणि क्लच बदलताना ते तसेच ठेवले असेल, तर नवी प्लेट हळूहळू तेलाने भिजते, पकड घेताना अडखळते आणि गाडी पुन्हा थरथरू लागते. गिअरबॉक्स उतरवलेला असताना ही दोन्ही सीले पाहणे कोणत्याही मेस्त्रीचे प्राथमिक काम आहे, कारण पुन्हा तिथे पोचायचे तर सगळी मजुरी दुसऱ्यांदा करावी लागते. दुसरी शक्यता अशी की स्प्लाइनवर (क्लच प्लेट शाफ्टवरील ज्या खाचांवर सरकते तिथे) प्रमाणाबाहेर ग्रीस लावले गेले आणि ते उडून प्लेटवर बसले. तिसरी शक्यता फ्लायव्हीलची आहे, आणि त्याबद्दल थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण आपल्या बिलातील क्लच सेटनंतरची सर्वांत मोठी रक्कम तीच आहे.

फ्लायव्हील दोन प्रकारचे असते. एक साधे, सबंध ओतीव लोखंडाचे, आणि दुसरे दोन भागांत स्प्रिंगा बसवलेले, ज्याला ड्युअल मास म्हणतात. साध्या फ्लायव्हीलच्या पृष्ठभागावर तापून निळे-काळे डाग पडले किंवा ओरखडे आले, तर बहुतेक वेळा ते बदलावे लागत नाही. ते उतरवून लेथवर फेसिंग करून, म्हणजे पृष्ठभाग कापून सपाट करून, घेतात. अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत अशी कामे करणारी वर्कशॉप आहेत, आणि फेसिंगचा खर्च नव्या फ्लायव्हीलच्या मानाने अगदी किरकोळ असतो. साधे फ्लायव्हील बदलण्याइतके खराब झाले असेल तर ते ग्राहकाला दाखवल्याशिवाय बदलू नये, ही साधी रीत आहे. ड्युअल मास असेल तर बदलणे समजण्यासारखे आहे, परंतु तो भाग महाग असतो आणि ८,२०० रुपयांत तो खरोखर मूळ कंपनीचा मिळाला का, हा वेगळा प्रश्न उभा राहतो. आपल्या गाडीत यांपैकी कोणते आहे, हे अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या सुट्या भागांच्या काउंटरवर चासी क्रमांक सांगितला की समजते, आणि त्या भागाची छापील किंमतही तिथेच कळते. हे एक काम आपण उद्याच, गाडी न नेताही, करू शकता.

बिलात मला खटकणारी आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे जी ओळ तिथे असायला हवी होती आणि नाही. आपली गाडी पुढच्या चाकांना ताकद देणारी आहे. अशा गाडीचा क्लच बदलायचा तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो, त्यासाठी दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट (चाकांना ताकद पोचवणारे दांडे) काढावे लागतात आणि ते काढताना गिअर ऑइल सांडते, म्हणून ते आधीच काढून घेतात आणि शेवटी नवे भरतात. बिलात ‘ऑइल व कूलंट’ एवढेच लिहिले आहे. ते इंजिन ऑइल आहे की गिअर ऑइल, किती लिटर आणि कोणत्या दर्जाचे, हे विचारून घ्यावे. गिअर ऑइलच भरलेले नसेल तर दोनच अर्थ संभवतात. एकतर जुनेच तेल परत ओतले, किंवा गिअरबॉक्स उतरलाच नाही. क्लच बदलण्यासाठी कूलंट बदलण्याची तर सहसा गरजच पडत नाही. तरीही येथे एक सावधगिरी बाळगावी. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४२ अंशांच्या वर जातो आणि कूलंट जुने झाले असेल तर ते बदला, असे सुचवणारा मेस्त्री चुकीचे सांगत नसतो. पण सुचवणे आणि न विचारता बदलून बिलात लावणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

इंजिन माउंटिंगच्या बाबतीतही हाच धागा पुढे नेता येतो. गिअरबॉक्स खाली घेताना निदान त्याच्या बाजूचे माउंटिंग सोडवावेच लागते. म्हणजे क्लचचे काम करताना तो भाग मेस्त्रीच्या हातात होता. त्याचे रबर फाटले होते तर ते त्याच वेळी दिसायला हवे होते आणि त्याच मजुरीत बदलता आले असते. आता ते फाटलेले आढळत असेल तर बसवताना ते नीट बसवले गेले नाही, बोल्ट सैल राहिला, अशी शक्यताही तपासावी लागेल. माउंटिंगची साधी परीक्षा अशी आहे: सपाट जागी हँडब्रेक घट्ट ओढून बॉनेट उघडावे, एकाने इंजिन चालू ठेवून पहिल्या गिअरमध्ये क्लच अगदी थोडा सोडावा, नंतर तसेच रिव्हर्समध्ये करावे, आणि दुसऱ्याने बाजूला उभे राहून इंजिन किती उचलले जाते ते पाहावे. समोर किंवा मागे कोणीही उभे राहू नये. इंजिन थोडे हलणारच. ते एका बाजूने उसळत असेल किंवा ठोका ऐकू येत असेल तर माउंटिंगचा दोष मानायला जागा आहे. ते जवळजवळ स्थिर राहून गाडी मात्र थरथरत असेल तर दोष क्लचकडे आहे. ही चाचणी एखाद्या जाणकाराच्या उपस्थितीत करावी आणि तिचे चित्रीकरण करून ठेवावे.

बाकीच्या ओळी लवकर आटोपतात. एसीची यंत्रणा बंदिस्त असते आणि तिच्यातील गॅस इंधनासारखा खर्च होत नाही. तो कमी झाला असेल तर कोठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे काही दिवसांत पुन्हा भरण्याची तजवीज करणे होय. आपली एसीची तक्रारच नव्हती, त्यामुळे या १,९०० रुपयांचे समर्थन कसे होणार, हे मला समजत नाही. इंजेक्टर क्लीनिंगच्या नावाखाली दोन अगदी भिन्न गोष्टी चालतात. एकात इंजेक्टर काढून टेस्ट बेंचवर लावतात, प्रत्येकाची फवारणी व परतीचे डिझेल मोजतात आणि त्याचा छापील अहवाल देतात. दुसऱ्यात टाकीत एक बाटली ओततात. तीन हजार रुपये घेतले असतील तर अहवाल मागावा. तो नसेल तर कोणते काम झाले ते उघड होते. निघताना गाडी थरथरण्याचे कारण इंजेक्टर असू शकतो, पण तेव्हा इंजिन उभ्या गाडीतही अडखळते, आणि आपण तसे काही लिहिलेले नाही.

जीएसटीच्या ५,७६० रुपयांचा प्रश्न मात्र अनुमानाचा नाही. नोंदणी नसलेल्या व्यावसायिकाला ग्राहकाकडून जीएसटी वसूलच करता येत नाही. लहान व्यावसायिकांसाठीच्या कंपोझिशन योजनेत नोंदणी केलेल्यालाही तो ग्राहकाकडून वेगळा घेता येत नाही आणि त्याला तसे बिलावर लिहावे लागते. ज्याला तो घेता येतो, त्याच्या बिलावर पंधरा अक्षर-अंकांचा क्रमांक असावा लागतो, महाराष्ट्रातील क्रमांक २७ ने सुरू होतो, आणि केंद्राचा व राज्याचा कर वेगवेगळा दाखवलेला असतो. दर १८ टक्के आहे ही गोष्ट खरी, कारण दुरुस्तीच्या सेवेवर तो पूर्वीपासून आहे आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या सुट्या भागांवरही २८ ऐवजी १८ टक्केच लागतो. पण क्रमांकाशिवाय तो आकारणे म्हणजे कराच्या नावाखाली जादा पैसे घेणे होय. गॅरेजकडून क्रमांक मागावा आणि तो जीएसटीच्या संकेतस्थळावर तपासावा. दुकानाचे नाव व पत्ता तिथे मोफत दिसतो. क्रमांक दिला नाही तर ही रक्कम परत मागण्यास आपणास संपूर्ण आधार आहे.

एवढ्यावरून माझे मत विचाराल तर ते असे: क्लचचे काम बहुधा झाले आहे पण नीट झालेले नाही, फ्लायव्हील संशयास्पद आहे, एसी आणि इंजेक्टर ही बिल फुगवण्यासाठी घातलेली भर दिसते, आणि कर बेकायदा आहे. हे मत गाडी न पाहता दिलेले आहे, म्हणून ते घेऊन गॅरेजमध्ये भांडायला जाऊ नये. आधी तपासणी करून घ्यावी.

तपासणीसाठी गाडी त्याच गॅरेजमध्ये पुन्हा सोडू नये, आणि दुसरीकडे लगेच दुरुस्तही करून घेऊ नये. ही दुसरी चूक फार लोक करतात. वैतागून दुसरीकडे गिअरबॉक्स उतरवतात, सगळे नव्याने बसवतात आणि मग तक्रार करायला निघतात, तेव्हा पहिल्याने काय बसवले होते याचा पुरावाच उरलेला नसतो. गाडी चालवणे अगदी भाग असेल तर चालवावी, पण क्लचवर पाय ठेवून ती सरकवत राहू नये, कारण नंतर ‘तुम्हीच क्लच जाळला’ हे उत्तर ठरलेले असते.

तपासणी कोणाकडे करावी हा नाजूक प्रश्न आहे. दुसऱ्या गॅरेजवाल्याला पहिल्याची निंदा करण्यात स्वतःचा फायदा असतो. उलट बाजूही आहे. आपल्या शहरात मेस्त्री लोक एकमेकांना ओळखतात, अनेक जण एकाच उस्तादाच्या हाताखाली तयार झालेले असतात, एकाच दुकानातून माल उचलतात, त्यामुळे तोंडावर नाव घेतले की काही जण गप्प बसतात. म्हणून गाडी नेताना पहिल्या गॅरेजचे नाव सांगू नये, किती पैसे दिले तेही सांगू नये. ‘गाडी निघताना थरथरते, मला फक्त तपासणी करून लेखी निष्कर्ष हवा आहे, त्याची फी मी देईन, दुरुस्ती येथे करायची की नाही ते नंतर ठरवेन’ एवढेच म्हणावे. फी देणे महत्त्वाचे आहे. फुकट तपासणीचा निष्कर्ष बहुतेक वेळा दुरुस्तीच्या दिशेने झुकलेला असतो. आपल्या गाडीच्या कंपनीचे अधिकृत सर्व्हिस सेंटर हा पहिला पर्याय. ते महाग असले तरी त्यांचे जॉब कार्ड छापील, तारीखवार आणि किलोमीटरच्या नोंदीसह असते, आणि आपल्याला नेमके तेच हवे आहे. परवानाधारक मोटार सर्वेक्षकाकडूनही खासगी पाहणी करून घेता येते.

काय पाहायचे ते आपणच लिहून द्यावे, नाही तर ‘क्लच खराब’ एवढा एका ओळीचा शेरा मिळेल. बेल हाउसिंगच्या खालच्या सांध्यात तेलाचे थेंब किंवा ओलसरपणा आहे का. असल्यास ते इंजिन ऑइल आहे की गिअर ऑइल, कारण गिअर ऑइलचा उग्र वास लगेच ओळखू येतो. बेल हाउसिंगच्या बोल्टांवर, ड्राइव्ह शाफ्टच्या नटांवर अलीकडे पाना लागल्याच्या खुणा आहेत का. बऱ्याच गाड्यांत स्टार्टर मोटर काढली की तिच्या जागेतून बारीक कॅमेरा आत घालता येतो आणि फ्लायव्हीलची धार, दात व प्रेशर प्लेटचे (क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या भागाचे) कव्हर दिसते. कव्हर नवे आणि फ्लायव्हील जुने, गंजलेले, असे आढळले तर ८,२०० रुपयांचा प्रश्न गिअरबॉक्स न उतरवताच सुटतो. ही छायाचित्रे त्याच वेळी आपल्या फोनमध्ये घ्यावीत आणि निष्कर्षावर तपासणाऱ्याची सही, शिक्का, तारीख व किलोमीटर असावेत. पहिल्या गॅरेजबद्दलचे मत मात्र त्याला लिहायला लावू नये. त्याने फक्त स्थिती लिहावी. तसे केल्याने तोही लिहायला तयार होतो आणि लिहिलेले अधिक वजनदार ठरते.

सोबत घरबसल्या करायची कामे आहेत. बिलाची प्रत, बँकेचा उतारा, व्हॉट्सॲपवरील संभाषण, थरथरीचे चित्रीकरण हे सर्व एका जागी ठेवावे. रोख दिलेल्या १७,७६० रुपयांची पोच नसेल तर आत्ताच, वातावरण बिघडण्यापूर्वी, साधा संदेश पाठवावा: ‘अमुक तारखेला मी बिलाचे एकूण ३७,७६० रुपये दिले, त्यांपैकी १७,७६० रोख होते; गाडी पुन्हा थरथरत आहे.’ त्यावर ‘हो, घेऊन या’ असे उत्तर आले तरी रोख रकमेला दुजोरा मिळतो. फोनवरील संभाषणांच्या छापील प्रती पुढे ग्राहक आयोगापुढे द्यायच्या झाल्यास भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र जोडावे, म्हणजे त्यावर हरकत येत नाही.

हे हाती आले की गॅरेजच्या मालकाला भेटावे. मेस्त्रीला नव्हे, मालकाला, आणि सकाळी, गिऱ्हाइकांची गर्दी नसताना. मालकाला आत काय झाले याची पुष्कळदा कल्पना नसते. फिटरने जुना भाग बसवून नवा परस्पर विकला, असेही घडते. चारचौघांत ‘फसवले’ हा शब्द उच्चारला की मालक अब्रूसाठी आपल्या माणसाची बाजू घेतो आणि तिथून पुढे बोलणे खुंटते. त्याऐवजी कागद पुढे ठेवून विचारावे: क्लच सेट आणि फ्लायव्हील कोठून घेतले त्याचे खरेदी बिल दाखवा, नव्या भागांचे खोके दाखवा, इंजेक्टरचा अहवाल द्या, जीएसटी क्रमांक द्या. खोक्यावर भागाचा क्रमांक, छापील कमाल किंमत आणि निर्मितीचा महिना-वर्ष असते, त्यामुळे त्यावरून एकाच वेळी तीन गोष्टी कळतात. प्रामाणिक गॅरेजला दुकानदाराचे बिल दाखवणे जड जात नाही. नफा दिसेल म्हणून संकोच वाटला तर तो समजून घ्यावा. सुट्या भागांवर थोडा नफा घेणे यात गैर काही नाही, छापील किमतीहून जास्त घेणे मात्र गैर आहे.

अशा भेटीत बहुतेक मालक ‘गाडी सोडून जा, फुकट करून देतो’ असे म्हणतात. क्लचच्या दोषापुरता हा प्रस्ताव स्वीकारण्यास माझी हरकत नाही, पण तीन अटींवर. गाडीत काय करणार ते आधी संदेशाने लिहून द्यावे, गिअरबॉक्स उतरल्यावर आपणास बोलावून आतला भाग दाखवावा, आणि काढलेले सर्व भाग डिकीत ठेवावेत. माउंटिंग बदलणे आवश्यक निघाले तर त्या भागाची किंमत आपण द्यावी, कारण सात वर्षांच्या गाडीचे रबर फाटणे हा कोणाचा अपराध नव्हे. मजुरी मात्र देऊ नये. चौदा हजारांचा आकडा पुन्हा आल्यास माउंटिंगची छापील किंमत सर्व्हिस सेंटरमधून आणून शेजारी ठेवावी. एसी, इंजेक्टर व करापोटी घेतलेल्या रकमेवर वेगळी बोलणी करावी. फुकट दुरुस्तीच्या बदल्यात त्या सोडून देऊ नयेत.

मालक ऐकत नसेल तर लेखी नोटीस पाठवावी. ग्राहक तक्रारीपूर्वी नोटीस देणे कायद्याने सक्तीचे नाही, पण वकिलाशिवाय, आपल्या हाताने, एका पानात, तारखा व रकमा लिहून, पंधरा दिवसांची मुदत देऊन स्पीड पोस्टाने पाठवलेले पत्र फार उपयोगी पडते. त्यात विशेषणे नसावीत. नेमकी किती रक्कम कशापोटी परत हवी ते असावे. करचोरीची तक्रार करीन, पोलिसांत जाईन अशा धमक्या त्यात घालू नयेत. पैसे द्या नाहीतर तक्रार करतो, अशी भाषा उद्या आपल्याच विरुद्ध वाचली जाते. कराची तक्रार करायची असेल तर ती स्वतंत्रपणे राज्य जीएसटी कार्यालयात करावी.

याच सुमारास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून ठेवावी. छोटे गॅरेज तिला दाद देईलच असे नाही, पण नोंद राहते. त्यानंतरचा मार्ग सोलापूर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचा. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ नुसार आपण राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, वकील नेमण्याची सक्ती नाही आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. तक्रार ई-जागृती या संकेतस्थळावरून ऑनलाइनही दाखल करता येते. समोरच्याला उत्तरासाठी तीस दिवस आणि फार तर आणखी पंधरा दिवस मिळतात. कायद्यात तपासणीची गरज नसल्यास तीन महिन्यांत आणि असल्यास पाच महिन्यांत निकालाची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात वेळ अधिक लागतो, हे गृहीत धरून चालावे. तरीही आयोगाची नोटीस निघाल्यावर मालक तडजोडीला येण्याची शक्यता बरीच असते आणि आयोगाच्या मध्यस्थीतून प्रकरण मिटू शकते. तक्रारीत सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा अशी दोन्ही कारणे मांडावीत. गाडी टॅक्सी किंवा मालवाहतुकीची असती तर ‘सेवा व्यापारी कारणासाठी घेतली, म्हणून तुम्ही ग्राहक नाही’ हा आक्षेप आला असता, जरी स्वतः चालवून पोट भरणाऱ्याला तेथेही सूट आहे. आपल्याला तो प्रश्न नाही.

पोलिसांकडे जावे का? सदोष कामासाठी नाही. तिथे ‘हा दिवाणी वाद आहे’ असे उत्तर मिळेल आणि ते बहुतांशी बरोबरही असते. पण कॅमेऱ्याने फ्लायव्हील जुनेच असल्याचे दिसले, म्हणजे न बसवलेल्या भागाचे पैसे घेतल्याचे लेखी निष्कर्षासह हाती आले, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खालील फसवणुकीची तक्रार देण्यास आधार निर्माण होतो. त्याआधी नाही. तसेच कॉलनीच्या किंवा शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटात गॅरेजचे नाव घालून ‘चोर आहेत’ असे लिहिण्याचा मोह आवरावा. बदनामीचे कलम ३५६ हे त्यांच्या हातातील आयते शस्त्र ठरते.

ज्यांची गाडी अजून गॅरेजमध्येच अडकून आहे, त्यांच्यासाठी दोन शब्द. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम १७० प्रमाणे वस्तूवर काम करणाऱ्याला रास्त मोबदला मिळेपर्यंत ती अडवून ठेवण्याचा अधिकार आहे. म्हणून गाडी ढकलत बाहेर काढण्याचा प्रयत्न करू नये. वादग्रस्त रक्कम बँकेमार्फत द्यावी, बिलाच्या प्रतीवर ‘हरकत राखून रक्कम दिली’ असे लिहावे, तसाच संदेश पाठवावा आणि गाडी ताब्यात घ्यावी. त्यामुळे पुढे तक्रार करण्याचा हक्क जात नाही.

आपल्याकडे वळतो. कामांचा क्रम असा ठेवावा: आधी चासी क्रमांकावरून फ्लायव्हीलचा प्रकार व किंमत, नंतर रोख रकमेचा संदेश, मग लेखी तपासणी आणि त्यानंतर मालकाची भेट. तपासणीत बेल हाउसिंग कोरडे निघाले, फ्लायव्हील नवे निघाले आणि इंजिन माउंटिंगवर उसळताना दिसले, तर माझा अंदाज चुकला असे समजून माउंटिंग बदलून घ्यावे, अर्थात मजुरीशिवाय, आणि वाद फक्त एसी, इंजेक्टर व कराच्या १०,६६० रुपयांपुरता ठेवावा. त्यापैकी इंजेक्टर व एसीवर आकारलेला कर ५,७६० मध्ये आलेलाच आहे, तो नोटिशीत दुसऱ्यांदा मोजू नये.